अण्णांची ८४ ची पद्मिनी – चालू ठेवायची का देऊन टाकायची? खरा खर्च काय येतो ते सांगा

शाहूपुरीकर_८४ (सातारा)

राम राम मंडळी. घरी प्रीमियर पद्मिनी आहे, १९८४ ची, अण्णांनी बुकिंग करून वाट बघून घेतलेली, तेव्हापासून मालक बदललेला नाही. क्रीम कलर, हँड गियर (स्टिअरिंगजवळचा दांडा), डिक्कीत अजून ओरिजिनल जॅक आहे. मी नोकरीला पुण्यात आणि अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, त्यामुळे मधली काही वर्षं शेडमध्येच उभी होती. आता मी साताऱ्यात परत आलोय तर म्हणलं चालू करून बघू. मिस्त्री आणला, नवी बॅटरी टाकली, पॉइंट घासले, ताजं पेट्रोल ओतलं, थोडी खोकली आणि झाली की चालू!! अण्णा दारातनं ओरडत होते, चोक ओढ, चोक ओढ, नुसतं सेल मारू नको म्हणून.

आता अडचणी. गावात फिरताना बरी चालते पण यवतेश्वरचा चढ चढायला लागली की तापते, काटा पार लालला टेकतो. ब्रेक मारला की डावीकडं ओढती. उन्हात उभी केल्यावर पेट्रोलचा वास येतो आणि मग लवकर चालू होत नाही, अर्ध्या तासाने होते. आरसी २०२४ ला संपलीय ती वेगळीच. मिस्त्री म्हणतोय फुल इंजिन काम, डेंटिंग पेंटिंग सगळं धरून अडीच लाख, परत नव्यासारखी करून देतो. बायकोचं म्हणणं अडीच लाखात चांगली सेकंडहँड वॅगनआर येते, एसीवाली, आणि ती चुकीचं बोलत नाहीय हाच प्रॉब्लेम आहे.

मला शोमध्ये न्यायची नाही, इन्स्टावर टाकायची नाही. रविवारी अण्णांना घेऊन कोरेगावजवळ आमच्या गावाला जायचं, कधीतरी कासला, एवढंच. तर महिन्याला वर्षाला किती जातात खरे ते सांगा. आणि ते पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलचं काय, आणि सरकार उचलून भंगारात घालतं म्हणतात ते खरं का?

हंड्रेडफुटी_फिटर (सांगली)

पहिलं सांगतो, त्या मिस्त्रीला इंजिनला हात लावू देऊ नका. धूर मारतीय का? ऑइल खातीय का? तुम्ही लिहिलेलं नाही म्हणजे नसणार. मग बोरिंग कशाला करायचं? अहो १०८९ सीसीचं साधं पुशरॉड इंजिन हाय ते, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, नीट ऑइल बदललं तर लई चालतंय. आधी चारी सिलेंडरचं कॉम्प्रेशन चेक करायला सांगा, पाचशे रुपयाच्या आत काम होतंय, चारी आकडे जवळजवळ सारखे आले तर इंजिनचा विषय संपला.

आता तुमचं दुखणं एकेक बघू. तापतीय त्याचं कारण दहापैकी आठ वेळा रेडिएटर. आपल्याकडं बोअरचं पाणी घालायची सवय, क्षार बसून आतल्या नळ्या बुजतात, सपाटीला कळत नाही, चढाला कळतंय. पितळी रेडिएटर असल तर फेकू नका, रेडिएटरवाल्याकडनं टाक्या उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, तेवढ्यात भागलं नाही तर नवा कोअर बसवा, चार ते सहा हजार जातील पण मग विसरून जा. होजपाइप सगळे नवे. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व, आहे का बघा, आमच्याच लायनीतल्या लोकांनी गाडी तापली की पहिला तो काढून फेकायचा असा धंदा केलाय पिढ्यान् पिढ्या. त्यानं तापणं थांबत नाही, उलट थंडीत इंजिन गरमच होत नाही आणि ऑइलचा चिखल होतो. प्लगच्या ठिणगीचं टायमिंग मागं असलं तरी पण गाडी तापती, ते पण बघायला सांगा. आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही म्हणजे नाही, ॲल्युमिनियमचं हेड वाकडं झालं की हेड उतरवा, फेस मारा, गॅस्केट टाका, मग गेले तुमचे पैसे.

ब्रेक डावीकडं ओढतोय म्हणजे उजव्या चाकाचा व्हील सिलेंडर जाम हाय नाहीतर गळून लायनरवर ऑइल आलंय. गाडी उभी राहिली की ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतंय, सिलेंडरला आतनं गंज धरतोय. चारी चाकं ड्रमची आहेत, चारी उघडा. एकाच चाकाचं काम करून मोकळं होऊ नका. रबरी ब्रेक होज सगळे बदला, मास्टर सिलेंडरचं किट टाका. मास्टर सिलेंडर एकाच सर्किटचा असल तर एक नळी फुटली की चारी चाकांचा ब्रेक गेला, आणि तुम्ही कासचा घाट उतरताय. हे काम आधी, बाकी सगळं नंतर. पेंट तर सगळ्यात शेवटी, झालाच तर.

उन्हात चालू होत नाही ते व्हेपर लॉक. पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला, गाडी बंद केली की इंजिनची गरमी त्याच्यात चढती, पेट्रोलची वाफ होती आणि वाफ काय पंपाला ओढता येत नाही. पंपावर ओला फडका टाकायचा, पाच मिनिटं थांबायचं, हे अण्णांना माहीत असणार, विचारा. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासनं लांबनं फिरवायची.

सांगलीवाल्यांनी या गाडीला नावं ठेवू नयेत हां. आमच्या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजला ज्या वालचंद हिराचंद शेटजींचं नाव हाय त्यांनीच १९४४ साली प्रीमियर काढली, कुर्ल्याला कारखाना.

कराडचा_शहाणा (कराड)

एवढं सगळं वाचून पण कुणी साधी गोष्ट बोलत नाही म्हणून बोलतो. विका. गाडी ११ चा ॲव्हरेज देणार, पेट्रोल शंभरच्या वर. सीटबेल्ट मागं नाहीत, एअरबॅग नाही, एबीएस नाही, स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीवर. हायवेला वाढे फाट्यावर बघा ट्रॅव्हल्सवाले कसे येतात. तुम्ही ६० ने चाललाय, मागचा १२० ने येतोय आणि तुमच्या मागच्या लाइटा मिणमिणत्या. ब्रेक टकाटक असले तरी पुढं नवी गाडी एबीएसवर कचकन थांबली तर तुम्ही तिच्या डिक्कीत.

नाद करायचा तर पैसेवाल्यांनी. माझ्या मामांनी अशीच ठेवलेली, दर महिन्याला मिस्त्रीला हजार दोन हजार, सगळी मिळून नवी आल्टो आली असती. शेवटी पत्रा सडला खालनं, फ्लोअरमधून रस्ता दिसायचा. कोयनेकाठचा पाऊस आहे हा भाऊ, मुंबईच्या एसी गॅरेजमधली हौस नाही.

वाईची_लेक (वाई)

शहाणे दादा, पत्र्याचं तुम्ही बरोबर बोललात, त्याबद्दल वाद नाही. सातारा-वाई-महाबळेश्वर पट्ट्यात इंजिन मरत नाही, पत्रा मरतो. मी पद्मिनीच चालवते, ९० च्या दशकातली, बाबांकडून आलेली, रोज नाही पण आठवड्यातून एकदा पाचगणीपर्यंत तरी जाते. पसरणी घाट सेकंड गियरला चढते, तापत नाही, कारण वर फिटर काकांनी सांगितलंय तेच केलंय, रेडिएटर.

पत्र्यासाठी एवढंच करायचं की पावसाळ्याआधी गाडी उचलून खालचा चिखल सगळा धुऊन काढायचा, चाकांच्या वरच्या कमानीत आणि दरवाजांच्या खालच्या कडेला माती साठते तिथंच गंज सुरू होतो. दरवाजाच्या तळाला पाणी जायची भोकं असतात ती बुजलेली असतात, तारेने मोकळी करा. कार्पेट उचलून फ्लोअर बघा. रबर मॅटखाली ओल राहते आणि वरून सगळं छान दिसतं. आणि मिस्त्री लांबी (पुट्टी) भरून वर पेंट मारून देणार असेल तर नको म्हणा, सडलेला पत्रा कापून नवा जोडायला सांगा, लांबीखाली गंज चालूच राहतो आणि दोन पावसाळ्यात फुगा येतो. लांबीचं किती काम झालंय ते बघायला साधं चुंबक घेऊन फिरा गाडीभोवती, जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही.

सेफ्टीचं पण मान्य. म्हणून मी हायवेला रात्री नेतच नाही, पावसात नेत नाही, आणि पुढच्या सीटांना बेल्ट बसवून घेतलेत. पण मग "विका" हा निष्कर्ष कुठून आला? मोटरसायकलला एअरबॅग असते का, सगळं घर बसतंच की तिच्यावर.

आता इथेनॉल. ही आपल्या भागाची गंमत बघा, ऊस आपला, कारखाना आपला, इथेनॉल आपलं, आणि खातंय कुणाला तर आपल्याच फियाटच्या रबराला. ८४ साली जे रबर होतं ते इथेनॉलसाठी केलेलंच नव्हतं, पंपाचा डायफ्राम कडक होतो, नळ्या आतून सुटतात आणि त्याचा भुगा जाऊन कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल येतं त्या बारीक भोकात) बसतो. तुम्हाला पेट्रोलचा वास येतोय तो बहुतेक तिथूनच, ते आधी बघा, आगीचा विषय आहे. एफकेएम म्हणजे व्हिटॉनच्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या मिळतात, साध्यापेक्षा महाग आहेत पण लागतात किती, दोन-तीन मीटर. दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी ओढतं, गाडी महिनोन् महिने उभी राहिली की टाकीच्या तळाला पाणी आणि गंज. उभी ठेवायचीच असेल तर पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत काही राहत नाही.

आरटीओ_वारीकर (सातारा)

कागदाचं मी सांगतो, या वाऱ्या करून चपला झिजल्यात.

भंगाराचं आधी. आपल्याकडं खाजगी गाडीला वयाची अट नाही. १० वर्षं डिझेल आणि १५ वर्षं पेट्रोल ती भानगड दिल्ली-एनसीआरची, व्हॉट्सॲपवर फिरत फिरत साताऱ्यात आली. मुंबईत २० वर्षांची मर्यादा होती ती टॅक्सीला. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओला २९ ऑक्टोबर २००३ ला पासिंग झालेली, ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरनं गेली, त्या बातम्या बघून लोकांना वाटलं सगळ्याच पद्मिनी बंद झाल्या. तुमची खाजगी आहे, फिटनेसला पास होत राहिली तर चालणार.

खाजगी गाडीची आरसी पहिली १५ वर्षं, मग दर ५ वर्षांनी रिन्यू, फॉर्म २५. तुमची २०२४ ला संपली म्हणजे हिशोब बरोबर आहे, ८४ अधिक १५ म्हणजे ९९, पुढं पाच-पाच. फी आधी ६०० होती, १ एप्रिल २०२२ पासून कारला ५००० झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये नवीन नियम आला की २० वर्षांवरच्या कारला १०,०००. वर उशिराचा दंड नियमात महिन्याला ५०० आहे, म्हणून अजून घोळत बसू नका. पर्यावरण कर वेगळा भरायचा, तो पण पाच वर्षांचा एकदम. इन्शुरन्स आणि पीयूसी नसेल तर अर्जच पुढं जात नाही. पीयूसी तुमच्या गाडीला सहा महिन्यांची मिळणार, कार्बोरेटर ट्यून करून मगच जा, धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्क्यांच्या आत पाहिजे.

खरी कटकट पुढं आहे. तुमचा नंबर ८९ च्या आधीचा म्हणजे जुन्या सिरीजचा, एमएच ११ नव्हे. ऑनलाइन दिसतोय का ते आधी बघा. दिसत नसेल तर बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून घ्यायला लागते, त्याला ओरिजिनल आरसी बुक, टॅक्सची जुनी पावती वगैरे. ते झाल्याशिवाय एचएसआरपी (नवी सुरक्षा नंबर प्लेट) पण बुक होत नाही. चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट घ्यायची असते तर आधी घरीच नंबर शोधून घासून स्वच्छ करा. गंज आणि पेंटखाली नंबर वाचता आला नाही की इन्स्पेक्टर परत पाठवणार आणि त्याचं चूक नाही. पेंट करताना कलर बदलू नका, बदलला तर आरसीवर नोंद लागते. आणि कुणी सांगितलं की मारुतीचं इंजिन टाका, डिझेल टाका, तर कलम ५२ खाली परवानगीशिवाय तसलं काही करायचं नाही, नंतर गाडी कायमची अडकते.

अण्णा हयात आहेत तोवर त्यांच्याच हयातीत नावावर करून घ्या, फॉर्म २९ आणि ३० वर काम होतं. नंतर वारसाचा फॉर्म ३१, सगळ्या भावाबहिणींच्या सह्या. मी वाईट बोलत नाही, बघितलंय म्हणून सांगतो.

शाहूपुरीकर_८४ (सातारा)

बापरे, एवढी माहिती येईल वाटलं नव्हतं. फिटर काका, कॉम्प्रेशन चेक केलं, तीन सिलेंडर जवळजवळ सारखे आहेत, चौथा थोडा कमी पण फार नाही. धूर नाही. मिस्त्रीला विचारलं मग फुल इंजिन कशाला, तर म्हणतो "साहेब करायचंच तर एकदाच करा ना". ओला फडका अण्णांना विचारला तर म्हणाले त्यात विचारायचंय काय, डिक्कीत फडका असायचा कायम, तुम्हीच कुणीतरी काढलात.

वारीकर दादा, नंबर ऑनलाइन दिसत नाहीय, म्हणजे बॅकलॉग. आणि ते व्हिंटेजचं नवीन रजिस्ट्रेशन आलंय म्हणतात, त्यात नाही का बसत?

आरटीओ_वारीकर (सातारा)

नाही बसत. २०२१ चा नियम आहे, गाडी ५० वर्षांवरची आणि मूळ स्वरूपातली पाहिजे, तुमची २०३४ ला बसेल. आणि बसली तरी नको म्हणेन मी. फी २० हजार, नंबरमध्ये व्हीए येतं, आणि मग रोजच्या वापराला चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यालाच. तुम्हाला अण्णांना गावाला न्यायचंय.

कृष्णाकाठची_अँबी (सांगली)

माझ्याकडं ॲम्बेसेडर आहे, पद्मिनी नाही, तरी बोलतो कारण खर्चाचा प्रश्न कुणीच पुरा सोडवला नाही.

२०१९ चा पूर. आयर्विन पुलाला ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, ते आम्हाला पाठच असतं, पण त्या ऑगस्टला पाणी ५७ च्या वर गेलं. माणसं काढायची का गाड्या? घरातली नवी हॅचबॅक आणि ही अँबी दोन्ही पाण्यात राहिल्या, छतापर्यंत. पाणी उतरल्यावर नवी गाडी कंपनीच्या माणसाने बघितली आणि टोटल लॉस, वायरिंग, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), एअरबॅगचं मॉड्यूल सगळं गेलं. अँबीचं काय केलं सांगतो. ऑइल सगळी काढली, इंजिन, गियरबॉक्स, मागचं डिफरन्शियल, प्रत्येकात गाळ आणि पाणी. प्लग काढून सिलेंडरमध्ये डिझेल ओतून हाताने फिरवलं, चालू करायची घाई अजिबात केली नाही. डायनॅमो, स्टार्टर उघडून उन्हात. कार्बोरेटर धुतला. सीटा काढून गच्चीवर. ऑइल दोनदा बदलून परत काढलं तेव्हा स्वच्छ आलं. दसऱ्याला चालू. आतला वास मात्र गेला नाही पार पुढच्या उन्हाळ्यापर्यंत, बायको बसायची नाही.

तर खर्च. मी वहीत लिहितो सगळं, हौस म्हणून नव्हे, नाहीतर घरात खोटं बोलायला लागतं. चांगल्या वर्षी सर्व्हिसिंग, ग्रीसिंग, प्लग पॉइंट, एखादी केबल, एखादा ऑइल सील मिळून दहा-बारा हजार. इन्शुरन्स थर्ड पार्टी, १००० ते १५०० सीसीला २०२२ पासून ३४१६ आणि वर जीएसटी, म्हणजे चार हजार. तुमची १०८९ आणि माझी १४८९, दोघं त्याच खान्यात. पेट्रोल फिरवाल तसं. आणि दर तीन-चार वर्षांनी एक मोठं काम निघतंच निघतं, कधी क्लच, कधी पाटे, कधी पाचही टायर, त्याला वीस-तीस हजार बाजूला पाहिजेत. टायरवरनं आठवलं, नक्षी आहे म्हणून जुना टायर चालवू नका, कडेला चिरा पडलेल्या असतात. पद्मिनीला १४ इंची लागतात, बदलताना चारी एकदम बदला.

म्हणजे महिन्याला पाव्हणा म्हणून दीड-दोन हजार धरा पेट्रोल सोडून. अडीच लाख कशाला घालताय. चालू ठेवणं वेगळं आणि नवी करणं वेगळं. अडीच लाख घातले की मग पावसाची भीती, ओरखड्याची भीती, पोरांनी आत भडंग सांडायची भीती, गाडी परत शेडमध्ये, आणि शेडमध्ये उभी राहिली की परत ब्रेक जाम. मी किती बघितल्या अशा, नव्या करून मारलेल्या.

विट्याचा_गलाईवाला (विटा)

पार्टचं मी सांगतो. आमची मंडळी गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्याला देशभर, त्यामुळं कुठनं बी पार्ट येतोय. माझी पद्मिनीच तमिळनाडूतनं आणल्याली, तिकडची हवा कोरडी हुती त्या गावची, पत्रा असा कडक हाय की बोटानं वाजवा. इकडच्या पावसातली घेऊ नका म्हणून नवीन घेणाऱ्यास्नी सांगन. पर एनओसी आधी हातात घ्या आन मग पैसं द्या.

मुंबईच्या टॅक्सी बंद झाल्या तवा कुर्ल्याला भंगारात लई माल आला, काचा, दरवाजं, मीटर, गियरचं दांडं. तो आता आटत चाललाय. इंजिनचं सामान, किट, गॅस्केट, क्लच प्लेट अजून नवं मिळतंय, मुंबईत ऑपेरा हाऊसला, पुण्यात नाना पेठेत. मिळत नाही ते बाहेरचं बारीक सामान, पट्ट्या, हँडल, लाइटीच्या काचा, ग्रिल. ती सांभाळा. कुणी ग्रिल नवं देतो म्हणलं तरी जुनं टाकू नका. आन लोखंडाचं काय बी असलं, बुश, पिन, शाफ्ट, तर कोल्हापूरला उद्यमनगरात जावा, जुना पार्ट टेबलावर ठेवा, संध्याकाळी नवा घेऊन या. लेथवाला म्हातारा असला तर अजून चांगलं.

खरा प्रश्न पार्टचा नाहीच. कार्बोरेटर कानानं लावणारा माणूस कुठं हाय आता? पोरं लॅपटॉप लावत्यात. माझा मिस्त्री सत्तरीचा हाय, त्याला दम्याचा त्रास. तो हाय तवर माझी गाडी हाय. त्याच्याजवळ बसून मी आता टॅपेट आन पॉइंट लावायला शिकतोय, फट मोजायचं फीलर गेज घेतलंय.

कराडचा_शहाणा (कराड)

अँबीवाल्या काकांनी वहीचा आकडा दिला ते आवडलं, हे पहिलं प्रामाणिक उत्तर. पण त्यात स्वतःचा वेळ धरलेला नाही. रविवार जातो त्याचं काय?

वाईची_लेक (वाई)

रविवार असाही जातोच दादा, मोबाईलवर.

शाहूपुरीकर, एक विचारायचं राहिलं, अण्णा अजून चालवतात का? माझे बाबा ७६ वर्षांचे आहेत, नवी ऑटोमॅटिक त्यांना जमत नाही, घाबरतात, पण हँड गियर असा अलगद टाकतात की आवाज नाही. मी टाकते तेव्हा मागून "हां... आता क्लच... हळू" चालूच असतं.

शाहूपुरीकर_८४ (सातारा)

नाही, डोळ्यांमुळं बंद केलंय. पण शेजारी बसून चालवतात 😄 वाढे फाट्यापासून गोडोलीपर्यंत एकही गियर मी मनाने टाकलेला नाही.

ठरवलंय असं. ब्रेक चारी चाकं, रेडिएटर, पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचं किट, फ्लोअरला दोन ठिकाणी पत्रा (चुंबक फिरवलं, ड्रायव्हरच्या पायाखाली चिकटलं नाही), आणि कागद. पेंट नाही, इंजिन नाही. मिस्त्रीने तोंड वाकडं केलं पण चाळीस हजाराच्या आत बसवतो म्हणाला, आरटीओचे वेगळे. बायकोने आकडा ऐकून "बरं" म्हणलं, त्या बरंचा अर्थ मी काढत बसलो नाही. वॅगनआर पण घेणारच आहोत, पुढच्या वर्षी.

शेवटचं, फिटर काका, नळ्या बदलल्यावर पण नवीन पेट्रोलवर चढाला थोडी गुदमरते, झटके मारते. मेन जेट मोठा टाकायचा का?

हंड्रेडफुटी_फिटर (सांगली)

लगेच टाकू नका. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतोय त्यामुळं मिश्रण पातळ पडतंय हे खरं, आणि पातळ मिश्रणानं पण गाडी तापती बरं का, म्हणजे तुमचं यवतेश्वरचं दुखणं थोडं इथलं पण असू शकतंय. पण आधी टाकीचा गाळ काढा, फिल्टर बदला, जेट काढून हवेनं फुंका, तारेनं खरवडू नका, भोक मोठं होतंय. मग ताज्या प्लगवर चढाला ताणून चालवा, चढावरच बंद करा, प्लग काढून बघा. पांढराफेक असला तर जेट एक साइज वर. तपकिरी असला तर जेट बरोबर हाय, टायमिंग बघा. काळा असला तर उलटंच काम हाय, फ्लोट बघायला लागंल.

आणि गाडी घेऊन आला इकडं तर सकाळी नवाच्या आत या, नंतर शंभर फुटी रोडला गर्दी होती. अण्णांना घेऊन या, त्यांच्याकडनं मलाच काही विचारून घ्यायचंय, ८४ च्या मॉडेलला वायपरची मोटर कुठली होती, माझ्याकडं एक पडून हाय ती कशाची ते कुणालाच सांगता येईना.